चार थेंब, जास्त नाही

ग्लेनिस बाजारातून परतली तेव्हा स्वयंपाकघरात करपल्याचा वास भरला होता आणि शेगडी तर बंद होती. टेबलावर तिचा भुवया कोरायचा चिमटा, शिवणातली छोटी कात्री आणि चेहरा पुसायच्या कापसाचं अख्खं पाकीट पसरलेलं होतं. या सगळ्या पसाऱ्यामागे तिचा नवरा नेव्हिल स्कोफील्ड, वय वर्षं त्रेसष्ट, हातात बटणाचं एक छोटं यंत्र धरून डोळ्यांतून पाणी गाळत बसला होता.

"काय जाळलंस?" तिने पिशवी खाली ठेवत विचारलं.

"घसा," नेव्हिल म्हणाला. "आधी थेंब टाकायचे आणि मग बटण दाबायचं असतं. मी आधी बटण दाबलं. कोरडा कापूस पेटला."

"आणि हा कापूस कुणाचा?"

"तुझा. पण गाल पुसायला एवढा लागतो कुठे तुला?"

ग्लेनिसने चिमटा उचलून खुंटीवरच्या ॲप्रनला पुसला आणि खिडकी उघडली. एरवी तिने या प्रश्नाचं चांगलं अर्धा तास उत्तर दिलं असतं, पण हे सगळं कशासाठी चाललंय ते तिला माहीत होतं.

चाललं होतं ते खुर्चीसाठी. हॉलोक्लफ सिल्व्हर बँडमध्ये पहिल्या युफोनियमची खुर्ची गेली एकतीस वर्षं नेव्हिलची होती. युफोनियम म्हणजे पोटाशी कवटाळून वाजवायचं भलंमोठं पितळी वाद्य, तोंड वर आभाळाकडे केलेलं. ते वाजवायला छाती लागते, आणि नेव्हिलच्या छातीत चाळीस वर्षं हाताने वळलेल्या सिगारेटींचा धूर मुक्कामाला होता. ईस्टरच्या कार्यक्रमात, चॅपल खच्चून भरलेलं असताना, शेवटच्या सुरावर त्याचा श्वास संपला. त्या मार्चच्या, म्हणजे कवायतीच्या चालीवरच्या धुनेच्या, अखेरीला एकेक वाद्य थांबत जातं आणि शेवटी एकट्या युफोनियमने आठ ठोके सूर धरायचा असतो. पाचव्या ठोक्याला नेव्हिलचा सूर फुस्स झाला. पहिल्या रांगेतल्या एका बाईला वाटलं, संपलं, आणि तिने टाळ्या वाजवल्या.

बँडमास्तर मिस्टर विंटरबॉटम आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी नेव्हिलला कोट अडकवायच्या खोलीत बोलावलं. "व्हिटच्या शुक्रवारी, जूनमधल्या बँडस्पर्धेत, थॉर्नशॉला हाच मार्च आहे," ते म्हणाले. "आठ ठोके सूर टिकला, तर खुर्ची तुझी. नाही टिकला, तर दुसऱ्या युफोनियमवरच्या पॉलीनची."

"आणि मी?"

"ट्रँगल," मिस्टर विंटरबॉटम म्हणाले. म्हणजे टिण वाजवायची तिकोनी सळई. अगदी मऊ आवाजात म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

त्याच दिवशी नेव्हिलने तंबाखूचा डबा आणि सिगारेटचे कागद ग्लेनिसच्या हातात दिले. दुसऱ्या दिवशी पेनाएवढा एक व्हेप, म्हणजे बॅटरीवरची वाफेची सिगारेट, आणला आणि दहा दिवस तो चोखून पाहिला. वाफ यायची, तल्लफही भागायची, पण हात मोकळे राहायचे. चाळीस वर्षं दर तासाला कागद घेणं, तंबाखू पसरणं, वळणं, जिभेने चिकटवणं यात गुंतलेली बोटं आता टेबलावर ताल धरायची, पडद्याच्या झालरी सोडवायची. एकदा तर त्यांनी ग्लेनिसच्या स्वेटरची अख्खी बाही उसवली. त्यावर उपाय म्हणून व्हेपवाल्या कर्टिसने त्याला हाताने कापसाची वात ओवून थेंब टाकायचं दुसरं यंत्र दिलं होतं, म्हणून घसा बरा झाल्यावर नेव्हिल तक्रार घेऊन कर्टिसकडेच गेला.

कर्टिसचं व्हेपचं दुकान पोस्टाशेजारी होतं. मानेपासून मनगटापर्यंत गोंदवून घेतलेला हा पस्तिशीतला गडी नेव्हिलला फार मान द्यायचा. नेव्हिल निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवत असे, आणि मागच्या सीटवर सिगारेट ओढताना सापडला म्हणून त्याने तेरा वर्षांच्या कर्टिसला एकदा भर पावसात खाली उतरवलं होतं.

"मिस्टर स्कोफील्ड, दाखवा बघू," कर्टिसने यंत्र हातात घेतलं आणि वरचं झाकण काढलं. "अरे देवा! हा कापूस भरलाय की उशी?"

"घट्ट बसावा म्हणून दाबून भरला."

"हितंच चुकलं. घट्ट बसला की रस चढत नाही. हे बघा." त्याने तारेच्या दोन इवल्या वेटोळ्यांतून कापसाची सैल वात ओवली, दोन्ही टोकं तिरपी कापली आणि खालच्या खोबणीत अलगद टेकवली. "आता थेंब. या वातीवर दोन, त्या वातीवर दोन. चार थेंब, जास्त नाही. चार-पाच झुरके झाले की परत चार. कमी टाकले तर घसा जळणार, जास्त टाकले तर बाजूच्या भोकांतून गळणार. आणि कायम उभं धरायचं. आडवं ठेवलंत की संपलं."

"एवढा व्याप? त्या पेनात टाकी असते, आठ-आठ तास बघावं लागत नाही."

"मग पेन ओढा की," कर्टिस हसला. "तुम्हालाच हाताला काम हवं होतं."

ते मात्र खरं होतं. नेव्हिलने दुकानातच तीन वेळा वात ओवली, तीन वेळा कर्टिसने ती उपसून फेकली, आणि चौथ्या वेळी मान हलवली. तार नीट बसली आहे ना, हे त्याने मीटर लावून स्वतः तपासलं. चव निवडायला नेव्हिलला फार वेळ लागला नाही. रूबार्ब आणि कस्टर्ड. लहानपणी रविवारच्या जेवणानंतर तेच मिळायचं, रूबार्बच्या आंबट देठांवर गोड कस्टर्ड ओतून.

"यात असतं काय?" बाटली उजेडात धरत त्याने विचारलं.

"थोडं निकोटिन, थोडा स्वाद, बाकी बरंचसं ग्लिसरीन."

"ग्लिसरीन? ते तर माझी बायको केकच्या आयसिंगमध्ये घालते. दगड होऊ नये म्हणून."

"तेच ते. तिकडे आयसिंग मऊ ठेवतं, इकडे ढग करतं," कर्टिस म्हणाला.

आठवडाभरात नेव्हिल तयार झाला. सकाळचा चहा झाला की तो मागच्या अंगणात स्टूल टाकून बसायचा, जुनी वात काढायचा, नवी वळायचा, चार थेंब मोजायचा. मग बटण, एक लांब झुरका, आणि नाका-तोंडातून उशीएवढा पांढरा ढग. बोटं शांत झाली. स्वेटरला दुसरी बाही आली. शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरी आणि अभ्रे कस्टर्डच्या वासाचे झाले, पण शेजारीण म्हणाली की तिला त्यामुळे छान झोप लागते.

तक्रार केली ती ग्लेनिसने. "मी त्या कर्टिसला दोन शब्द सुनावून येते," म्हणत ती एके दिवशी गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. काय सुनावलं ते तिने सांगितलं नाही. पण त्यानंतर कर्टिसने दिलेली बाटली आधीच्यापेक्षा दाट होती.

"यात ग्लिसरीन जास्त आहे," कर्टिस म्हणाला, आणि का कोण जाणे, बोलताना तो बाटल्यांची मांडणी सरळ करत होता. "ढग मोठा येईल."

ढग खरोखरच दुप्पट झाला. नेव्हिलने त्याचं सगळं श्रेय आपल्या वातीला दिलं. श्वासही वाढत होता. तालमीत सहा ठोके झाले, मग सात. सातच्या पुढे मात्र गाडी जाईना, आणि व्हिटचा शुक्रवार आला.

त्या दिवशी डोंगरातल्या झाडून साऱ्या गावांत बँडच बँड असतात. बसमधून उतरायचं, गावच्या रस्त्यातून वाजवत जायचं, परीक्षकापुढे उभं राहून एक मार्च वाजवायचा, परत बसमध्ये बसायचं आणि पुढचं गाव गाठायचं. परीक्षक बिचारा पडदे ओढलेल्या कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या खोलीत, कोंडलेला असतो. कोणता बँड वाजवतोय हे त्याला दिसता कामा नये, नुसतं ऐकू यावं. थॉर्नशॉचा नियम त्याहून कडक होता: परीक्षकाच्या नजरेला जो बँड पडेल, तो बाद.

हॉलोक्लफ बँडचाही एक नियम होता, आणि तो मिस्टर विंटरबॉटम यांचा होता. गणवेशाचे सगळे खिसे शिवून बंद. एका वर्षी अगदी हळुवार जागी कुणाच्या तरी खिशात किल्ल्या वाजल्या होत्या, तेव्हापासून. त्यामुळे नेव्हिलचं यंत्र ग्लेनिसच्या हँडबॅगेत प्रवास करत होतं, थर्मास आणि सँडविचच्या डब्याच्या मध्ये, उभं. प्रत्येक गावात वाजवायच्या आधी नेव्हिल चार थेंब टाकायचा, चार झुरके घ्यायचा आणि यंत्र ग्लेनिसकडे द्यायचा. तीन गावं अशी सुखाने पार पडली. तिथे सोपे मार्च होते. लांब सुराचा मार्च मिस्टर विंटरबॉटम यांनी थॉर्नशॉसाठी राखून ठेवला होता.

थॉर्नशॉला बस पोचली तेव्हा ऊन अजून चांगलं होतं. पुढे चार बँडांचे नंबर होते. नेव्हिलने उतरल्या उतरल्या ग्लेनिसकडून यंत्र आणि बाटली घेतली, आणि दोन बँड वाजवून झाल्यावर युफोनियम काखेत मारून तो चॅपलच्या मागे गेला. दोन थेंब या वातीवर, दोन त्या वातीवर. चार झुरके. पुन्हा चार थेंब. इतक्यात पुढून पॉलीनची हाक आली.

"ए नेव्हिल! आपलाच नंबर! मधले दोन बँड अजून पोचलेच नाहीत, चल!"

नेव्हिल दचकला, आणि उपडी धरलेली बाटली त्याच्या मुठीत दाबली गेली. किती थेंब पडले ते देव जाणे. चार मात्र नव्हते. त्याने झाकण लावलं, बाटली मोज्यात खोचली आणि यंत्र द्यायला ग्लेनिसला शोधलं. ग्लेनिस चॅपलच्या दारात होती, बायकांच्या संडासाच्या रांगेत, तिच्यापुढे अकरा जणी.

"ग्लेनिस! अगं, हे धर!"

"आत्ता? पाऊण तास उभी आहे मी! जागा सोडणार नाही!"

रस्त्यावर ढोलाचा पहिला ठोका पडला. खिसे शिवलेले. मोज्यात बाटली. यंत्र गवतावर ठेवावं तर आडवं होणार. नेव्हिलच्या हातात उभी, गोल, आभाळाकडे तोंड केलेली एकच जागा होती. त्याने यंत्र युफोनियमच्या कर्ण्यात सोडलं. नळी अरुंद होते तिथे ते डौलात उभं राहिलं. दोन मिनिटांनी काढून घेऊ, असं म्हणत तो रांगेत घुसला.

रस्त्यातून वाजवत जाताना, पावला-पावलाला, यंत्र बोटबोट खाली उतरत गेलं आणि शेवटी घट्ट बसलं.

"तुझा आवाज का दबलाय?" पॉलीनने दोन सुरांच्या मध्ये विचारलं. ती दुसरं युफोनियम वाजवायची, नेव्हिलच्या डाव्या हाताला. मनाने चांगली बाई, पण खुर्ची कुणाला नको असते?

"थंडीमुळे," नेव्हिल म्हणाला. जून महिना होता.

कॅराव्हॅनपुढे बँड गोल करून उभा राहिला. पडदे घट्ट ओढलेले होते, पण उकाड्यामुळे छपरावरची झडप वीतभर उघडी होती. दाराशी फाईल घेतलेल्या मिसेस ब्रिअर्ली पहाऱ्याला होत्या. परीक्षकाला कुणी दिसू नये ही त्यांची जबाबदारी, आणि ती त्या गेली वीस वर्षं रखवालदाराच्या कडकपणाने पाळत होत्या. नेव्हिलने कर्ण्यात हात घातला. बोटं यंत्राला लागली, यंत्र हललं नाही. मिस्टर विंटरबॉटम यांचा हात वर गेला. आता वाजवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

अर्धा मार्च बरा गेला. मग नेव्हिलच्या नाकाला वास आला. रूबार्ब आणि कस्टर्ड. त्याने नजर वर केली. स्वतःच्याच वाद्यातून पांढऱ्या वाफेचा एक दोरा वर चालला होता.

झालं होतं असं, की यंत्राचं बटण पितळेला टेकून दाबलं गेलं होतं. दहा सेकंदांनी ते आपोआप बंद पडायचं, पण मोठा सूर लागला की पितळ थरथरायचं, बटण सुटायचं आणि पुन्हा दाबलं जायचं. वाती रसात बुडालेल्या होत्या. आणि आजवर नेव्हिल त्यातून ओढत आला होता, आज पहिल्यांदाच तो त्यात फुंकत होता. एका झुरक्यात उशी निघायची. या फुंकरीतून गाद्या निघायला लागल्या.

"नेव्हिल, तू पेटलायस!" पॉलीन ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली आणि दोन पावलं बाजूला सरकली.

ढोलवाला दिसेनासा झाला. मग कॉर्नेट वाजवणाऱ्यांची रांग गेली. लोकांना वाटलं, हॉलोक्लफने यंदा काहीतरी नवीन काढलंय, आणि ते टाळ्या वाजवायला लागले. वारा अगदी पडला होता. ढग हलेना, नुसता फुगत होता. फुगता फुगता तो कॅराव्हॅनच्या छपरापर्यंत चढला आणि उघड्या झडपेतून निवांतपणे आत उतरला.

तेवढ्यात शेवट आला. एकेक वाद्य थांबलं. पॉलीन थांबली. उरला एकटा नेव्हिल.

सूर सोडला तर ढग थांबणार होता आणि खुर्ची जाणार होती. सूर धरला तर खुर्ची राहणार होती आणि सगळं गाव धुक्यात जाणार होतं. नेव्हिलने क्षणभरही विचार केला नाही. त्याने सूर धरला. एक, दोन, तीन. समोर ढगाच्या वर मिस्टर विंटरबॉटम यांचा फक्त हात दिसत होता. तो खाली आला की थांबायचं. पाच. ईस्टरचा पाचवा ठोका मागे पडला. सहा. सात.

कॅराव्हॅनमध्ये कुणीतरी जोरात खोकलं. मग दार धाडकन उघडलं.

"कुणी बोलू नका!" मिसेस ब्रिअर्ली किंचाळल्या. "कुणीही बोलू नका! ते बाहेर आलेत!"

परीक्षक पायऱ्या उतरले आणि ढगात शिरले. हात पुढे करून ते चाचपडत निघाले. "अहो, कुणी आहे का? कॅराव्हॅनमध्ये पुडिंग करपलंय! मला काही दिसत नाही!" चाचपडताना त्यांच्या हाताला वर धरलेला एक हात लागला आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी गच्च पकडला. "सापडलं कुणीतरी! दार कुठंय हो?"

तो हात मिस्टर विंटरबॉटम यांचा होता. त्यांना बोलता येईना, कारण आवाज ओळखला तर बँड बाद. हात सोडवता येईना, कारण परीक्षक लोंबकळले होते. आणि हात खालीही आणता येईना. नेव्हिलला मात्र ढगाच्या वर एवढंच दिसत होतं की मास्तरांचा हात अजून वर आहे. आठ झाले. नऊ. मास्तरांनी आज सूर लांबवायचा ठरवलंय तर! आपली परीक्षा घेतायत! बरं, घ्या म्हणावं. नेव्हिलने पाय रोवले. बारा. तेरा. श्वास कुठून येत होता ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं, पण येत होता. आयुष्यात इतकं बरं त्याला क्वचितच वाटलं असेल.

"अठरा," पॉलीन धुक्यातून पुटपुटली. "एकोणीस. अरे माणूस आहेस की भाता?"

एकविसाव्या ठोक्याला मिसेस ब्रिअर्ली तिथवर पोचल्या. त्यांनी आपला स्कार्फ परीक्षकांच्या डोळ्यांवर बांधला, त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि त्यांना उलटं चालवत कॅराव्हॅनमध्ये नेऊन बसवलं. मोकळा झालेला हात खाली आला. नेव्हिलने सूर सोडला. मग कुठेच कुणी दिसत नसताना चारी बाजूंनी टाळ्या सुरू झाल्या.

बसमध्ये यंत्राची बॅटरी संपल्याची आधी खात्री करून पॉलीनने आपला सडपातळ हात युफोनियममध्ये घातला आणि यंत्र उपसून काढलं. ते चिकट झालं होतं, पण धड होतं. मिस्टर विंटरबॉटम पुढच्या सीटवर बसून आपला उजवा हात चोळत होते.

निकाल शनिवारी सकाळी तालमीच्या खोलीत आला. मिस्टर विंटरबॉटम यांनी चष्मा लावून परीक्षकांचा कागद वाचायला सुरुवात केली. नेव्हिल भिंतीला टेकून उभा होता आणि त्याची नजर कोपऱ्यातल्या ट्रँगलवर होती.

"बँड तिसरा," मास्तर म्हणाले. "पुढे लिहिलंय. 'युफोनियमला आवाज दाबायचं म्यूट लावून वाजवण्याची कल्पना नवीन आणि सुंदर. शेवटचा सूर इतका लांबवण्याचं धैर्य मी या स्पर्धेत पूर्वी ऐकलेलं नाही. उत्कृष्ट वादकाचा चषक याच वादकाला. हा बँड माझ्या नजरेस पडला अशी तक्रार आल्याचं कळतं. मी शपथेवर सांगतो, मला काहीही दिसलं नाही. फक्त एक हात लागला. कुणाचा ते ठाऊक नाही, पण हात उबदार होता आणि मला त्याचा फार आधार वाटला.'"

मास्तर थोडे लाजले. "आणखी एक ओळ आहे. 'गावात कुणाचं तरी कस्टर्ड करपतंय, त्यात लक्ष घालावं.'" त्यांनी कागदाची घडी केली. "नेव्हिल, खुर्ची तुझी. ते... ते यंत्र मात्र पुन्हा माझ्या बँडमध्ये दिसता कामा नये."

"बरं, मिस्टर विंटरबॉटम," नेव्हिल म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि या वेळी कापूस जळलेला नव्हता.

चषक घेऊन तो घरी आला तेव्हा ग्लेनिस एका लग्नाच्या केकवर आयसिंग चढवत होती. चषक तिने खिडकीत ठेवला, दोनदा फिरवून दर्शनी बाजू बाहेर केली, आणि मग त्याच्या गालाचा मुका घेतला. गालाला साखर लागली.

"एक सांगतो," नेव्हिल खुर्चीत बसत म्हणाला. "ते चार थेंब नसते ना, तर मला जमलं नसतं. निकोटिनशिवाय माझा श्वास पाचव्या ठोक्याच्या पुढे गेलाच नसता."

ग्लेनिसने आयसिंगची सुरी खाली ठेवली. "तीन आठवडे झाले त्याला," ती म्हणाली.

"कशाला?"

"तुझ्या बाटलीत निकोटिन नसल्याला. कर्टिसने आधी निम्मं केलं, मग काढूनच टाकलं. ग्लिसरीन आणि कस्टर्डचा वास, बस्स. तुला सांगितलं असतं तर तू एक दिवस काढला नसतास, म्हणून आम्ही बोललो नाही." तिने फळीवरच्या आपल्या बाटलीकडे बोट केलं. "हेच ते. केकवरचं. तीन आठवडे तू आयसिंग ओढतोयस."

नेव्हिलने फळीवरची बाटली न्याहाळली. "म्हणजे मी सोडलं?"

"केव्हाच."

"माझं मलाच न कळता?"

"तुला कळलं असतं तर सुटलं असतं का?"

हे ऐकताच, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, नेव्हिलला तल्लफ आली. भयंकर आली. बोटं टेबलक्लॉथच्या झालरीकडे धावली. "ग्लेनिस," तो कासावीस होऊन म्हणाला, "मला नाही सहन होत हे. तीन आठवडे! निकोटिनशिवाय! माणूस मरेल की!"

ग्लेनिसने त्याच्याकडे पाहिलं, कपाटातून कापसाचं पाकीट काढलं आणि चिमट्यासकट त्याच्यापुढे सरकवलं. मग फळीवरची बाटलीही.

नेव्हिलने वात वळली. सैल. दोन थेंब या बाजूला, दोन त्या बाजूला. अंगणात जाऊन स्टुलावर बसला, एक लांब झुरका घेतला, आणि मोठा पांढरा ढग शेजारणीच्या चादरींकडे सोडला.

"आता?" आतून ग्लेनिसने विचारलं.

"आता बरं वाटतंय," नेव्हिल म्हणाला.